कमळाखालचं टिंब

आमच्या तांड्यावर इंग्रजांचा राजा कायम उलटा लटकत असे. इंग्रज जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे चांदीचे रुपये बायकांच्या गळ्यात तसेच होते, आणि त्या रुपयांवरचा राजा मुकुट खाली, मान वर अशा अवस्थेत दिवसभर हेलकावे खायचा. कुणी पाहुणा हसला की माझी याडी, म्हणजे आई, त्याला विचारायची, "तुला उलटा दिसतो व्हय? मला बराबर दिसतो. गळा माझा का तुझा?" तिचं खरं होतं. कडी राजाच्या डोक्यावर लावली तर तो लोकांना सुलटा दिसतो आणि घालणारीनं मान खाली घातली की तिला उलटा. म्हणून आमच्याकडे कडी नाण्याच्या तळाला लावायची रीत. दागिना जिचा, तिला तो नीट दिसला पाहिजे; जगानं आपली मान वाकडी करावी. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला. साम्राज्य कुणी कसं उलथवलं हे पोरांकडून पाठ करून घेतलं. पण रोज सकाळी ते अकरा वेळा उलथवून, गळ्यात बांधून भाकरी थापणारी बाई मी घरातच पाहिली होती, आणि ती कोणत्याही धड्यात नव्हती.

अकरा रुपये होते याडीच्या माळेत. एक राणीचा, दोन टकल्या राजाचे आणि आठ दाढीवाल्या राजाचे. ही नावं तिचीच; त्यांची खरी नावं मला कॉलेजात कळली आणि त्यानं काही विशेष फरक पडला नाही. पहाटे अंथरुणात मला आधी ऐकू यायचे ते हे रुपये. ती वाकली की एकदम सगळे वाजायचे, जात्यावर बसली की एका लयीत, शेळी हटकली की भांडणासारखे. आवाजावरून ती कुठे आहे, काय करते आणि कोणावर चिडली आहे, हे डोळे न उघडता कळायचं. बा म्हणायचा, "बैलाला एक घंटी बांधतो मी. ह्या घराला अकरा हायेत." मग ती भाकरी जरा जोरात थापायची. ज्वारीची भाकरी, तिला आम्ही बाटी म्हणतो, वर लाल मिरचीचा ठेचा आणि अंबाडीची भाजी. हळदीच्या मोसमात कुरुंद्याच्या मळ्यांवर ती हळद शिजवायला जायची. मोठ्या कढईतून उकडलेली हळद उपसताना वाफ गळ्याशी यायची, आणि संध्याकाळी घरी येताना तिची बोटं पिवळी, ओढणी पिवळी आणि राजांच्या दाढ्याही पिवळ्या असायच्या. तो वास अजून मला कुठेही आला तरी मी आधी आवाज ऐकायला थांबते.

आमची घरची बोली गोरमाटी. ती इथे लिहिली तर फार थोड्यांना कळेल, म्हणून याडीचं बोलणं मी आसपासच्या गावांतल्या मराठीत उतरवते आहे. तिनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, मला काहून दुसऱ्याचे कपडे घालून राहिली?

अकरांपैकी एक राजा उलटा नव्हता. तो उताणा होता. त्याची कडी तळाला नव्हती, बाजूला होती, बरोबर त्याच्या नाकासमोर. त्यामुळे तो गादीवर पडून आढ्याकडे पाहत असल्यासारखा दिसायचा. तो रुपया माझ्या मोठ्या बहिणीचा, झमकीचा.

झमकीच्या लग्नात कुरुंद्याच्या सोनाराकडे सात चांदीचे रुपये कड्या लावायला टाकले होते. बाजाराचा दिवस, गर्दी, बा उंबऱ्यात उभा राहून घाई करतोय, आणि सोनारानं शेवटच्या रुपयाला कडी भलत्याच ठिकाणी धरून वितळलेल्या चांदीची झाळ लावली. घरी आल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं. याडी परत जायला निघाली. झमकीनं तिचा हात धरला. "राहू दे गं. बाकीचे सहा उलटे टांगून दमलेत. एक तरी झोपला." ती असंच बोलायची. माझ्याहून सात वर्षांनी मोठी होती आणि मला खांद्यावर घेऊन विहिरीवर जायची. त्या वयात माझ्यासाठी जगातली सगळी अक्कल तिच्याकडे होती. आमच्यात नवरी निघताना ढावलो म्हणते, एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. हे रडणं आधी शिकावं लागतं. मोठ्या बायका शिकवतात. झमकीला शिकवताना तिला हसू फुटायचं आणि म्हाताऱ्या संतापायच्या. पण निघायच्या दिवशी माझ्या गळ्यात पडून ती अशी गायली की मी तिच्या ओढणीत तोंड खुपसून ठेवलं, आणि माझ्या कपाळाला काहीतरी गार टोचत राहिलं. तो उताणा राजा होता.

दुसऱ्या वर्षी ती सासरच्यांबरोबर ऊस तोडायला गेली. तिकडेच, साखर कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बाळंतपणानंतर तिला ताप आला. आम्हाला निरोप पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. बाळही गेलं होतं. काही दिवसांनी तिचा सासरा आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला नाही. धोतराच्या सोग्याला मारलेली गाठ त्याला सुटेना. बानं ती सोडवून दिली. आत एक रुपया होता. "सहा दवाखान्याला गेले," तो म्हणाला. "ह्याची कडी वाकडी, म्हनून दुकानदारानं घेतला न्हाई." याडीनं रुपया घेतला. त्याच संध्याकाळी तिनं आपली माळ उकलली, दहांच्या बरोबर मधोमध तो ओवला, आणि माळ परत बांधली.

तेव्हापासून तिला एक सवय लागली. बोलताना, ऐकताना, चुलीपुढे बसलेली असताना तिचा उजवा अंगठा गळ्याशी जायचा आणि मधल्या रुपयाची कड चाचपायचा. माळ फिरून तो रुपया इकडेतिकडे झाला तरी अंगठा एकेका कडीवरून सरकत बरोबर तिथे येऊन थांबायचा. तिथे पोचल्यावर ती जे काय करत असेल ते पुढे करायची. झमकीचं नाव घरात कोणी घेत नसे. घ्यायची गरज नव्हती.

मी तांड्यावरची कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. हे वाक्य माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात चार जणांनी उच्चारलं आणि चारही वेळा टाळ्या पडल्या, म्हणून इथेही लिहून टाकते. हिंगोलीला वसतिगृहात राहायचे आणि दुपारी वाचनालयात बसायचे, कारण तिथे पंखा होता. तिथेच हमीदसाहेब भेटले. कधीकाळी खजिन्यात कारकून होते, आता निवृत्त. भिंग लावून वर्तमानपत्र वाचायचे आणि बातमी पटली नाही की भिंग पालथं घालून ठेवायचे. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे एक चांदीचा रुपया ठेवला. मी राजाला ओळखलं आणि सांगितलं, हा आमच्या घरी आठ वेळा आहे.

"राजा को कायकू देखते, बेटी?" ते म्हणाले. "राजा तो सब जगा एकीच है. पलटाओ. नीचे देखो, सबसे नीचे."

रुपया पालटला. मागच्या बाजूला काठाकाठानं फुलापानांची वेल, आणि वेलीत अगदी तळाशी कमळ. त्या कमळाखाली, जवळजवळ कडेलाच, मोहरीहून बारीक एक टिंब. टिंब असलं तर रुपया मुंबईच्या टांकसाळीतला, नसलं तर कलकत्त्याचा. मला त्या क्षणी जे झालं ते आजही लाज न वाटता सांगते: मी हरखून गेले. इतकी वर्षं जे आमच्या डोळ्यांपुढे वाजत होतं त्याच्यावर एक खूण होती, आणि ती वाचता येणारी तांड्यातली मी एकटी होते. हमीदसाहेबांनी पुढे हेही दाखवलं की टिंब नेहमी एकाच जागी नसतं. ठसा हातानं कोरायचे. एखादं पाकळीला चिकटतं, एखादं कडेच्या दाण्यांना टेकतं, एखादं थोडं डावीकडे सरकतं. "आदमी का हात है," ते म्हणाले. मी मान डोलावली. हे बारकावे मला तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटले.

सुट्टीत घरी गेले ती भिंग मागून घेऊन आणि नवी वही घेऊन. याडीला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं.

"काय करून राहिली?"

"रुपये कुठले ते बघते."

"कुठले म्हंजे? माझ्या बापाचे."

"कोणत्या गावात बनले ते."

"आन् ते कळून काय व्हईल?"

मी भिंग डोळ्याला लावलं. एकेक रुपया पालटत गेले आणि हिरमुसले. तळाला कडी, कडीला झाळ, आणि झाळेचा चांदीचा थेंब बरोबर कमळाच्या खाली बसलेला. दहाही नाण्यांवर नेमकी तीच जागा झाकलेली. उघडी होती ती फक्त उताण्या राजाची, कारण त्याची कडी बाजूला होती. तिथे टिंब होतं. मी वहीत साल लिहिलं आणि पुढे लिहिलं: टिंब आहे. बाकी दहा ओळींत साल आणि पुढे प्रश्नचिन्ह.

"तिच्यावर हाये ना खूण?" याडीनं विचारलं. तिला एवढंच हवं होतं.

"आहे," मी म्हणाले. "तिच्याच रुपयावर आहे."

त्या वाक्यात माझी सगळी चूक आहे. जे दिसत होतं, ते फक्त झाकलेलं नव्हतं म्हणून दिसत होतं. मी त्याला निराळं समजून बसले.

त्या हिवाळ्यात कॉलेजात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की तुमच्या समाजाचा वारसा आला पाहिजे. समाज हा शब्द ते नेहमी जरा मान तिरकी करून म्हणत. मी घरी जाऊन याडीची माळ मागितली. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना ती म्हणाली, "ने. पन झोपलेल्याला उठवू नको."

मी एसटीनं निघाले ती आधी कुरुंद्याला उतरले. कड्या काढल्याशिवाय खुणा दिसणार नव्हत्या, आणि खुणा दिसल्याशिवाय मी प्रदर्शनात काय सांगणार? सोनार तोच होता, आता म्हातारा. फुंकणी घेऊन एकेक कडी सोडवत गेला. दहा झाल्या. अकरावा रुपया चिमट्यात धरून त्यानं विचारलं, "ही वाकडी पन काढू का, बाई?"

मी सांगू शकत होते की नको. मला आठवतं, मी दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं. लाल मखमलीवर दहा नाणी सपाट बसतील आणि एकाला कान फुटलेला दिसेल, असं मनात आलं. आणि मला टिंब माहीत होतं. अकरांत टिंबवाला एकच, तो केव्हाही ओळखीन. मी म्हणाले, "काढा."

त्यानं मन लावून काम केलं. सगळे तेजाबात घातले, मग प्रत्येकाची कड पूर्ण गोल फिरवून कानशीनं घासली, चिंचेनं उजळले, आणि ओंजळीत माझ्यापुढे धरले. "कडी कुठं व्हती हे आता ब्रह्मदेवाला सांगता यायचं न्हाई," तो अभिमानानं म्हणाला.

वसतिगृहात खोलीचं दार लावून मी नाणी पालथी घातली. पहिल्यावर टिंब नव्हतं. दुसऱ्यावर होतं. मी तो बाजूला ठेवला, हाच म्हणून. पाचव्यावरही होतं. मग आठव्यावर. मग शेवटच्यावर. चौघांचं साल एकच, वहीत लिहिलेलं. चारी दाढीवाले राजे सारखेच झिजलेले, सारखेच चकचकीत.

दुसऱ्या दिवशी हमीदसाहेबांनी ते चार भिंगाखाली फार वेळ पाहिले. नाकासमोरच्या कडेवर कानशीचा माग शोधला. माग सगळीकडेच होता. मग ते टिंबाकडे वळले. "ये देखो. इसका पंखुडी को लगा है. इसका किनारे पे. ये बीच में. और ये जरासा बाएँ को." ते एकदम उत्साहात आले. "चारों अलग हैं, बेटी! पहचान हो जाएगी. उस दिन वही में क्या लिखा था? जागा कौनसी लिखी?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. टिंब आहे. त्यांनी वाचलं, आणि भिंग पालथं घालून ठेवलं.

उद्घाटनाला फीत होती, तबक होतं आणि तबकात कात्री होती. मात्र कुणीतरी शोभेसाठी कात्रीलाच फीत गुंडाळून बांधली होती, त्यामुळे पाहुण्यांना आधी कात्री सोडवावी लागली. पाहुण्यांनी माझ्या मखमलीसमोर थांबून विचारलं, "हे आता चालतात का?" नंतर भाषणात ते म्हणाले की आमच्या बंजारा भगिनींनी हा अमूल्य ठेवा प्राणापलीकडे जपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दारातून याडी आत आली. बाबरोबर आली होती, लग्नाची कांचळी, म्हणजे चोळी, घालून, आरशांचा घागरा नेसून, आणि मला ती आल्याचं कळलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती आवाजाशिवाय आली होती. गळ्यावर जिथे माळ असायची तिथे उन्हानं न रापलेला फिकट पट्टा होता. तो मी कधी पाहिलाच नव्हता.

ती काचेपुढे उभी राहिली. अकरा राजे ओळीनं सरळ, डोकी वर. तिनं काचेला अंगठा लावला आणि डावीकडून उजवीकडे नेला, मग परत.

"लली," ती हळू म्हणाली, "झोपलेला कुठाय?"

"याडी, कड्या काढाव्या लागल्या."

"त्याची पन?"

"हो."

"मग कोनता हाये ते सांग. खूण हाये म्हनली व्हतीस."

मी चार नाण्यांकडे बोट केलं. "ह्यांच्यातला एक आहे."

तिला वाटलं मी आणखी काही सांगणार आहे. ती थांबली. मागे आभारप्रदर्शन चालू झालं होतं, आणि ते आमच्याकडे लांबच असतं. बाला तिच्याआधी समजलं. त्यानं फेटा काढून हातात घेतला. याडीनं मला शिवी दिली असती, मारलं असतं, तिथेच बसून ढावलो म्हटला असता तर मला आयुष्यभर पुरलं असतं. तिनं फक्त विचारलं, "चार झाले व्हय?" आणि ओढणी गळ्याभोवती घट्ट घेतली.

मला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर माझं नाव चुकीचं आहे.

कड्या परत लावायला मीच तिला कुरुंद्याला घेऊन गेले. सोनाराला सगळं कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "माय, तुमी म्हनाल त्याला मी तशीच वाकडी लावतो. कोनता ते सांगा."

"आता लावून ते वाकडं व्हईल व्हय?" ती म्हणाली. "तेव्हा चुकला व्हतास, म्हनून ते तिचं व्हतं. आता सरळ लाव."

अकराही राजे उलटे लटकले. घर परत वाजू लागलं. पण याडीचा अंगठा गळ्याशी जायचा आणि थांबायचा नाही. एका कडीवरून दुसऱ्या कडीवर, शेवटपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. समोरचा माणूस बोलत असे आणि ती ऐकत नसे. लोक म्हणायचे, म्हातारी होऊन राहिली. ती म्हातारी नव्हती.

फार वर्षांनी, ती माझ्याकडे राहायला असताना, शेवटच्या आजारात, तिनं तो विषय पहिल्यांदा आणि एकदाच काढला. माळ तेव्हा गळ्यात पेलत नव्हती, उशाशी होती. दुपारची वेळ. तापानं ओठ सुकले होते. "लली," ती म्हणाली, "सापडला का गं?" मी निवृत्तीला आलेली बाई, पुराव्याशिवाय बोलू नये असं तीस वर्षं शिकवत आलेली. मी माळेतला एक रुपया धरला, चारांपैकी हाताला लागला तो, आणि तिच्या तळहातावर ठेवला. "हा बघ. सापडला."

तिनं अंगठा कडेवरून सावकाश पूर्ण गोल फिरवला.

"हा न्हाई," ती म्हणाली. मी घ्यायला हात पुढे केला तर मूठ मिटली. "पन राहू दे. गार लागून राहिलाय."

माळ आता माझ्याकडे आहे. मी ती घालत नाही. माझ्या गळ्याला ते वजन झेपत नाही असं मी सांगते. मध्यंतरी एक तरुण संग्राहक येऊन गेला. त्यानं मोबाइलच्या उजेडात सगळी नाणी पाहिली आणि हळहळून म्हणाला की झाळ लागल्यानं सगळी खराब झाली, मावशी, नाहीतर ह्या रुपयांवर टिंबांचे फरक फार छान सापडतात. मी त्याला चहा दिला.

त्याचं बरोबर आहे. कड्यांखाली आता काही दिसत नाही, पण चारही टिंबं मला पाठ आहेत. एक पाकळीला चिकटलेलं, एक कडेला टेकलेलं, एक मधोमध, एक किंचित डावीकडे. ती वहीही आहे. कागद पिवळा पडला, शाई तपकिरी झाली. सहाव्या ओळीत साल आहे, पुढे "टिंब आहे" आहे, आणि त्याच्यापुढे समासापर्यंत कोरी जागा आहे. मी मोजून पाहिलं आहे. तिथे दोन शब्द सहज मावले असते.